याहिणीची घागर

याहीण, तुमच्या पोरांनी तुमच्या जेवणाला घोडबंदर रोडच्या त्या होडीच्या हॉटेलातून मासे मागवले. तुम्हाला हे दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. सुतक फिटलं, तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे घरात पुन्हा मासे करायचा दिवस आला, आणि दुपारी टेम्पोतून डबे उतरले. प्रत्येक डब्यावर तीच होडी आणि तीच डोक्यावर पाटी घेतलेली बाई. तुमचा थोरला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, खास तिथनं आणलंय. आईला तिथलं लय आवडायचं. सारखी जायची ना तुमच्याबरोबर."

 त्याचे डोळे रडून सुजलेले. त्याला काय सांगणार, की बाबा, तुझी आई तिथे जेवायला जात नव्हती, भांडायला जात होती.

मी जेवून आले. मी मासे खात नाही हे तुमच्या सुनांना ठाऊक आहे, त्यांनी माझ्यापुरता वरणभात केला होता. चांगला होता. समोर तुमचा हार घातलेला फोटो आणि त्याच्यापुढे ताटात ते तेल सुटलेलं लाल कालवण. फोटोतलं तुमचं तोंड वाकडं दिसत होतं. कालवणामुळे नाही, ते मुळातच तसं आहे. फोटो काढताना तुम्हाला हसायला जमलं नाही कधी.

घरी आले तर पाय सुजलेले. सुजाता तिकडेच राहिली होती. तुमची लेक असली तरी माझी सून आहे, तिच्याशिवाय घरात चहा कोण करतं. मीच केला. चहा पिताना सवयीने वाटलं, तुम्हाला फोन करावा आणि सांगावं, आज त्या होडीवाल्याने पुन्हा तेच केलं. बोलायचं माणूसच गेलं म्हटल्यावर लिहिणं आलं.

तुम्ही मला ईनबाय म्हणायचात आणि मी तुम्हाला याहीण. दोन्हीचा अर्थ विहीण. तुमच्या खाडीकाठी तिची ईन झाली, आमच्या खानदेशात याहीण. तुमचं नाव चांगुणा, पण मी ते कधी तोंडाने घेतलं नाही. तुम्ही मात्र पहिल्या भेटीपासून मला 'तू' म्हणालात. मला राग आला होता. मी मुलाची आई, आणि ही बाई कोळीवाड्यातल्या मैत्रिणीशी बोलावं तसं बोलते. सुजाता मध्ये पडली. "आई, आमच्यात सगळ्यांनाच तू म्हणतात. देवालासुद्धा." मी म्हटलं, असेल. पण मी 'तुम्ही'च म्हणत राहिले, आणि आजही तेच म्हणणार. माणूस मेलं म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

आपलं जमेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. माझा दिनेश आणि तुमची सुजाता वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत कामाला, त्यांनी आपसात ठरवलं आणि आपल्याला येऊन सांगितलं. तुमच्या हळदीला मासे आणि मटण. आमचे पारोळ्याहून आलेले लोक नाकाला पदर लावून बसले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वरण-बट्टी. तुमच्या भावाने बट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "यो दगड कशाला भाजला?" मी ऐकलं. तुम्ही पण ऐकलंत आणि तोंड फिरवून हसलात. तेव्हापासून मी तुमच्यावर डोळा ठेवून होते.

मग सुजाताला दिवस गेले आणि तिला डोहाळे लागले ते निवट्यांचे. मला निवटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटाएवढे मासे, बुळबुळीत, डोळे डोक्यावर. ते मिळवायला तुम्ही ठाण्याची सगळी खाडी पालथी घातलीत. तुमच्या स्वतःच्या गावात, जिथे तुमच्या सासूने परसातून जावं तसं जाऊन निवटी धरली, तिथे एक मिळाली नाही. शेवटी दिवा स्टेशनच्या पुढे कुठेतरी एक म्हातारा अजून चिखलात उतरतो असं कळलं, त्याच्याकडून घेतलीत आणि झाकणाच्या डब्यातून कल्याणला माझ्याकडे आलात. आल्या आल्या म्हणालात, "ईनबाय, राख दे."

राख कुठली? तिसऱ्या मजल्यावरचं घर, गॅसची शेगडी. "राख लावल्याबिगर चिकटा जात नाय," तुम्ही म्हणालात आणि खाली इस्त्रीवाल्याकडे कोळशाची राख मागायला गेलात. इकडे डब्यात खडखड चालू होती. मला वाटलं, जीव गुदमरत असेल, थोडी हवा लागू द्यावी. मी झाकण उघडलं.

पुढचं तुम्ही जन्मभर सगळ्यांना सांगत फिरलात, त्यामुळे मी थोडक्यात आटपते. एक फ्रिजखाली गेली, दोन मोरीत, एक माझ्या पायावरून. एक देवघरात जाऊन बाळकृष्णाच्या शेजारी बसली. आमच्या घरात सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. तुम्ही राखेची पुडी घेऊन दारात आलात, हे सगळं पाहिलंत आणि तिथेच फतकल मारून हसत सुटलात.

"हसताय काय, धरा."

"तू धर. तुझं घर हाय."

"याहीण, देवाजवळ आहे ती."

"मग काय झालं? त्यानंपण एकदा मासळीचा अवतार घेतलाच का नाय?"

शेवटी सुजाताने, पोट सांभाळत, झाडूने एकेक गोळा केली. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा मासे शिजले. मी खिडकीत उभी राहिले. सुजाताने ताट चाटून पुसून खाल्लं आणि तुम्ही तिच्याकडे बघत बसलात, स्वतः घासही घेतला नाहीत. नात झाली ती ओवी. तिच्यासाठी तुम्ही कल्याणला येत राहिलात, आणि मग तिच्याशिवायही.

माझे हे गेले तेव्हा तुम्ही मला एक शब्द समजुतीचा बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. बाकी सगळे बोलत होते. मी काही दार लावून बसले नव्हते, कामं करत होते, पण जेवण म्हणजे औषधाच्या गोळीसारखं झालं होतं, घ्यायचं म्हणून घ्यायचं. तुम्ही एका दुपारी आलात, ताटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असं कुत्र्यापुढं टाकल्यासारखं का खातेस? चल, उठ."

"कुठे?"

"खायला."

त्या दिवशी आपण शहाडच्या पुढे उल्हासनगरला गेलो. कोणी तरी तुम्हाला सांगितलं होतं की तिथे एक सिंधी बाई घरासमोर डाळ-पकवान विकते. आपण उन्हात गल्ल्या फिरलो. सापडली ती. तुम्ही खाल्लंत, बोटं पुसलीत आणि म्हणालात, "हिचं खरं हाय." मी म्हटलं, "तुम्हाला सिंधी लोकांचं काय कळतं?" "सिंधी नाय कळत. ही बाय मी खाताना तोंडाकडं बघत होती माझ्या. खरं करणारीच बघते."

तेव्हापासून ते चालू झालं. मुलं कामावर, ओवी शाळेत, आणि आपण दोन म्हाताऱ्या रिक्षाच्या रांगेत. डोंबिवलीत एक केरळची बाई मेस चालवते, तिच्याकडे कंद उकडून त्याच्यासोबत मासे देतात. तिथे तुम्ही दोनदा भात मागून घेतलात आणि मी ताक पिऊन बसले. कल्याण पूर्वेला माझ्या लोकांची दुकानं, तिथे ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेवभाजीची शेव. शेवभाजी तुम्हाला शेवटपर्यंत पटली नाही. "फरसाण रश्श्यात बुडवून खातात ही माणसं," असं तुम्ही माझ्यासमोर दुकानदाराला सांगितलंत. तो जळगावचा. तो म्हणाला, "आजी, तुम्ही मासा सुकवून मग भिजवता ते?"  मला तो माणूस फार आवडला.

आणि ते होडीचं हॉटेल. दारात खरी होडी, तिला निळा रंग, आत प्लास्टिकचे मासे. वर मोठी पाटी. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही विचारलंत, "काय लिवलंय?"

"अस्सल आगरी-कोळी."

"अस्सल म्हंजे?"

"खरं."

"खऱ्याला लिवावं कशाला लागतं?"

आत वेटर कोळ्यांसारखा लाल चौकडीचा रुमाल कमरेला बांधून. तुम्ही त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. "कुठला रे तू?"

"परभणीचा, आजी."

"मग यो रुमाल कशाला बांधलास?"

"ड्युटी आहे आजी."

कालवण आलं. तुम्ही बोट बुडवून चाटलंत आणि ज्याने केलं त्याला बोलवायला सांगितलंत. तो आला, बंगालकडचा, घाबरलेला. तुम्ही त्याच्याशी तुमच्या बाजारातल्या हिंदीत बोललात. "मच्छी तुमने साफ किया?" "हां माँजी." "अच्छा किया. मसाला?" "सेठ पॅकेट देता है." "घर में माँ ऐसाच बनाती?" तो हसला. "नहीं माँजी, घर में तो सरसों में बनता है." "तो वो बनाओ ना. ये कायको बनाता?" तेवढ्यात मॅनेजर आला. "मॅडम, काही प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम काय नाय. कालवणपण नाय."

मला बाहेर आल्यावर लाज वाटली. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच जायला निघालात. मी म्हटलं, "आवडत नाही तर जाता कशाला?" तुम्ही म्हणालात, "सुधारलं काय बघते." आपण किती वेळा गेलो. तो परभणीचा तुम्हाला पाहिलं की पाणी घेऊन धावत यायचा आणि हळूच विचारायचा, "आज बोलवू का त्याला?" म्हणून तुमच्या पोरांची चूक मी धरत नाही. आई महिन्या-दोन महिन्यांनी एका हॉटेलात जाते म्हटल्यावर पोरं काय समजणार?

याच्यावरून आपलं ठाण्याच्या तलावपाळीवर भांडण झालं होतं. खरं भांडण, आठवडाभर फोन बंद. मी विचारलं होतं, तुमच्या हातचं कालवण सगळा कोळीवाडा वाखाणतो, मग घरी करून खा ना, हे दारोदार कशाला? माझे गुडघे दुखत होते, बाकडं तापलेलं होतं, मी जरा जास्तच चिडून बोलले असेन.

तुम्ही म्हणालात, "करते ती मीच ना. रोज करते. माझ्या हातचं मला तोंडात घालायच्या आधीच कळतं. आय गेली, सासू गेली, तवापासून कोणी मला करून वाढलेलं नाय."

"सुना आहेत की."

"चांगल्या हायेत. त्या मोबाइलवरनं मागवतात. सुजाताला मी शिकवलं नाय, म्हटलं शिकू दे, नोकरी करू दे, हाताला वास नको."

"मग हॉटेलात वाढतातच."

"ते वाढत नाय गो. ठेवून जातात."

मी म्हटलं, मग मिळणार नाही ते तुम्हाला कुठेच. हे बोलायला नको होतं असं आता लोक म्हणतील. पण ते खरं होतं, आणि तुम्हाला खोटं बोललेलं कळायचं. तुम्ही उठून गेलात. आठवड्याने फोन केलात तो थेट, "टिटवाळ्याला जायचं काय?"

टिटवाळ्याला जायचं होतं ते माझ्यासाठी. कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं, तिकडे नव्या बिल्डिंगीत अमळनेरकडची एक बाई खापरावरचे मांडे करून देते. खापर म्हणजे उपडं मातीचं भांडं, त्याच्यावर हातभर रुंद पुरणपोळी भाजायची. लाटायची नाही, हातावरच फिरवत फिरवत मोठी करायची, कोपरापर्यंत. मला ते कधी जमलं नाही. माझ्या आईला जमायचं. ती गेल्यापासून मी खरा मांडा खाल्ला नव्हता, आणि हे मी तुम्हाला एकदाच, कुठल्या तरी दुसऱ्या बोलण्यात सांगितलं होतं. ते तुम्ही लक्षात ठेवलंत आणि कोणाकोणाला विचारत राहिलात. पुरण तुम्हाला आवडत नसताना.

सातवा मजला. बाईने दार उघडलं, "या माय, बठा, बठा." गॅलरीत मोठी शेगडी, तिच्यावर खापर. खापर गावाहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं. तिने उंडा घेतला, हातावर टाकला, आणि तो पातळ होत होत खाली लोंबायला लागला. तुम्ही मासळीबाजारात वजनकाट्याकडे बघावं तसं टक लावून बघत होतात. मांडा खापरावर पडला, सुटला, घडी झाली. तुमच्या ताटात आला.

"यो खायाचा का नेसायचा?" तुम्ही विचारलंत.

ती बाई इतकी हसली की दुसरा मांडा फाटला.

मी खाल्ला. तो खरा होता. काही कमी नव्हतं, कपड्यातून गाळलेल्या पिठाचा, जायफळ बरोबर, कडा मऊ. मी खात राहिले आणि मला काही वाटलं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. खाली उतरताना लिफ्टमध्ये विचारलंत, "आता काय झालं? मिळालं ना तुझं?"

"मिळालं."

"मग सुतकातलं तोंड का?"

"दमले."

रिक्षा मिळेना. आपण त्या बिल्डिंगीच्या दारात पायरीवर बसलो. तुम्ही तेव्हा म्हणालात, "तू शंभर कोस लांबनं आलीस, तुझं टिटवाळ्यात मिळतं. सिंधी लोकांचा देशच गेला, त्यांचं उल्हासनगरात मिळतं. केरळवालीचं डोंबिवलीत. माझं ठाण्यात मिळत नाय."

मी म्हटलं, "तुम्ही तर कुठे सोडूनही गेला नाहीत."

"मी नाय गेली ईनबाय. खाडी गेली."

 रिक्षा आली.

मागच्या अखाजीला तुम्ही आमच्याकडे होतात. तुमच्याकडे हा सण एवढा नाही, तुम्हाला नवल वाटत होतं. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी, वर खरबूज, पुढ्यात मांडे आणि आमरस, आणि मग निखाऱ्यावर एकेक घास टाकून गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. म्हणजे उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळतं आणि जेवणही. तुम्ही गुडघ्यावर हनुवटी टेकून सगळी नावं ऐकलीत. सासरे, सासू, दीर, माझे हे. मग विचारलंत, "माझं नाव घेशील काय?"

मी म्हटलं, "नाही. याहिणीची घागर भरत नाहीत. ज्याची त्याने भरायची, घराण्याची असते."

"माझी पोरं नाय भरणार. आमच्याकडे नाय."

"तुमच्याकडे तुमची रीत असेल."

"असेल गो. पण माझी पोरं मला मागवून घालतील," तुम्ही म्हणालात, आणि आमरसाची वाटी तोंडाला लावलीत.

तेवढ्यावरच राहिलं ते. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, मी पुन्हा बोलले नाही. होळीला तुम्ही कोळीवाड्यात नाचलात असं सुजाता सांगते. पाडवा तुम्हाला दिसला नाही. आजारपणाचं मी लिहीत नाही, आठ दिवसांचं ते काय लिहायचं. शेवटी तुम्हाला तोंडाने काही जातच नव्हतं, नळी होती. मी आले तेव्हा माझ्याकडे बघितलंत आणि नळीकडे बोट दाखवून हात हलवलात, हे काय घालतात म्हणून. मी म्हटलं, "त्याला बोलवू का, ज्यानं केलंय?" तुमचे डोळे हसले. नर्सला कळलं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, पुढचं आज अखाजीच्या रात्री लिहिते. यंदा मी टिटवाळ्याच्या बाईकडून मांडे सांगून ठेवले होते. आदल्या दिवशी कुंभाराकडे घागर घ्यायला गेले आणि दोन घेतल्या. का घेतल्या ते मला त्याला सांगावं लागलं नाही, तो समजला घरात कोणीतरी गेलं. आमच्यात ज्याला वर्ष झालेलं नाही त्याची घागर वेगळी असते.

निवटी शोधायला मी गेले नाही. मिळणार नाहीत, आणि माझे पाय आता चिखलाच्या कामाचे नाहीत. मी कल्याणच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत गेले. एवढी वर्षं कल्याणात काढली, त्या ओळीत मी नाकाला पदर न लावता कधी शिरले नव्हते. एका बाईसमोर उभी राहिले. ती म्हणाली, "काय पायजे?" मला काय पाहिजे ते सांगताच येईना. मी म्हटलं, "कोळ्याच्या बाईला आवडेल असं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने जवळ्याचा ढीग दाखवला, बारीक, गुलाबी. म्हणाली, "भाजून घ्या. कांदा, लसूण, मिरची. पाणी घालू नका."

सकाळी मी तवा ठेवला. सुजाता आंघोळ करून बाहेर आली आणि दारातच थांबली. "आई, काय करताय?"

"तुझ्या आईचं करते. मीठ याच्यात आधी घालतात का नंतर?"

"मला नाही माहीत. आईने मला हात लावू दिला नाही कधी."

मग आम्ही दोघींनी अंदाजाने केलं. मीठ नंतर घातलं. तेल जास्त पडलं. वास सगळ्या मजल्यावर गेला, शेजारच्या कुलकर्ण्यांनी दार लावून घेतलं. दिनेश आतून आला. "आई, अगं पितरांच्या पानात मासे? आजोबा माळकरी होते."

"मग ते उठून जातील पानावरून. मेलेल्या माणसाला आणखी काय होणार आहे?"

तो पाट मांडायला गेला. त्याला माहीत आहे, माझ्याशी वाद घालून वेळ जातो.

निखारे इस्त्रीवाल्याकडून आणले होते. जुन्या घागरीपुढे मांडे ठेवले, आमरस ठेवला, घास टाकत सगळी नावं घेतली. मग नव्या घागरीपुढे केळीच्या पानावर तो जवळा आणि तांदळाची भाकरी ठेवली. भाकरी जाड झाली, आमचा हात ज्वारीचा. घास निखाऱ्यावर टाकला, तो चुरचुरला. सुजाता भिंतीला टेकून रडत होती. ओवी माझ्याकडे बघत होती. मी तुमचं नाव पहिल्यांदा तोंडाने घेतलं. चांगुणा. नुसतं चांगुणा म्हटलं, बाई लावायचं राहिलं. पण ते तोंडातून गेलं, परत घेता येत नाही.

जवळा मी केलाय हे लक्षात ठेवून खा. त्यात थोडी रेती राहिली आहे, सुजाताने खाऊन बघितला, तिला लागली. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी उद्याही इथेच आहे. पण एक सांगून ठेवते. पुढच्या अखाजीला तुम्हाला वेगळी घागर मिळणार नाही. वर्ष झालं की आमच्यात सगळे एकाच घागरीवर येतात. तुम्हाला माझ्या सासऱ्यांच्या शेजारी बसून मांडे आणि आमरस खावा लागेल, आणि ते माळकरी आहेत, तिथे भांडू नका.